मालकिणीचं डावं

"त्यांस्नी इचारा, ट्रॅक्टर रानात चालवायचाय का रस्त्यावर," मी रज्जाकभाईंना म्हणाले.

रज्जाकभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे. हे माझ्यापासून हातभर अंतरावर, टायरांच्या चळतीला टेकून उभे होते. कानानं चांगले धडधाकट होते.

"अप्पा," रज्जाकभाई म्हणाले, "वहिनी विचारतायत..."

"ऐकलं," हे म्हणाले. "मालकिणीला सांगा, रस्त्याचं टायर बरं पडंल."

"वहिनी, अप्पा म्हणतात..."

"मी पण ऐकलं. त्यांस्नी म्हणावं, औंदा ज्वारी काय डांबरावर पेरायची हाय का?"

रज्जाकभाईंनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली. मंगळवेढ्यात टायरचं दुकान चालवायचं म्हणजे नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं आली. पण नवरा-बायकोचा अबोला दुकानात येऊन टायर निवडतोय, हे त्यांनाही नवीनच असावं.

अबोला मी धरला होता. हे त्याला फक्त साथ देत होते.

त्याचं कारण दुकानाच्या दारातच उभं होतं. लाल रंगाचा, नाकाडा, आमच्या सासऱ्यांनी घेतलेला ट्रॅक्टर. परदेशातून जहाजानं आला होता म्हणे. आमच्या हिवरवाडीत तो पहिल्यांदा नांगराला लागला तेव्हा लोक भाकरी बांधून बघायला आले होते. मी लग्न होऊन आले तेव्हा वरात त्याच्यावरूनच निघाली. माझा एकुलता एक मल्लिनाथ त्याच्या मडगार्डवर बसून लहानाचा मोठा झाला, आणि मोठा झाल्यावर एक दिवस बापाला म्हणाला, "अप्पा, हे धूड मोडीत घाला. नवा घेऊ. ह्याचं एक सामान मिळत न्हाई कुठं."

"माझ्या बाचा ट्रॅक्टर हाय त्यो."

"मग संभाळा तुमच्या बाचा ट्रॅक्टर. मी चाललो भिवंडीला."

"जा की. पाय हायत, जाशील तसा परत यशील."

मल्लूनं पिशवी उचलली. मी यांच्यापुढे हात जोडले, म्हटलं, अहो, फाट्यावर जावा, आडवा त्याला. हे ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून आत वाकले ते वाकलेच. फाट्यावरून एसटीचा हॉर्न ऐकू आला तरी मान वर काढली नाही. त्या संध्याकाळपासून मी यांच्याशी बोलले नाही.

आता दोन माणसांच्या घरात अबोला कसा चालतो, ते सांगते. ताट वाढलं की भांडं जरा आपटायचं, म्हणजे 'या'. मीठ कमी असलं की हे मिठाचा डबा स्वतः घेणार आणि जागेवर न ठेवता मुद्दाम माझ्यापुढे ठेवणार. आणि जे भांड्यांनी सांगता येत नाही ते सगळं म्हशीला सांगायचं. "आज मला यायला उशीर हुईल गं," हे म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे. ते गेले की मी म्हशीपुढे कडबा टाकत म्हणायची, "हुईना का. कुणाला पडलंय." त्या म्हशीइतकं आमच्या संसारातलं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसेल.

हसायला येतं आता. तेव्हा हसू येत नव्हतं. मल्लूची पत्रं नव्हती, निरोप नव्हता, आणि त्याची आठवण आली तर ती काढायची कुणाजवळ? ज्याच्याजवळ काढावी त्याच्याशीच मी तोंड बांधून बसलेली. सांज झाली की जिवाला हुरहुर लागायची. हे खोलीच्या एका भिंतीला, मी दुसऱ्या. एकमेकांचं खोकणं ऐकत झोपायचं. मला फार एकटं वाटायचं आणि रागही यायचा, की या माणसाला काही वाटतच नाही.

त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता म्हणून मी ट्रॅक्टरवर बसले होते. मडगार्डवर, यांच्याकडे पाठ करून. मंगळवेढ्याच्या वेशीपाशी मागचं एक टायर बंदुकीच्या बारासारखं फुटलं. ते फुटणारच होतं. दोन्ही मागची टायरं झिजून इतकी टकली झाली होती की त्यांची खूण म्हणून मातीत नुसता सपाट पट्टा उमटायचा, चुलीपुढून पोतेरं फिरवल्यासारखा. धक्का देत देत चार माणसांनी ट्रॅक्टर रज्जाकभाईंच्या दुकानापुढे आणला.

रज्जाकभाईंनी चाकाभोवती फेरी मारली, हातोडीनं रिमवर टकटक केलं आणि मान हलवली.

"अप्पा, खरं सांगू? हे माप बंद झालं. ह्या रिमवर बसणारं टायर आता निघत नाही. मोडबाजारात हिंडलात तर एखादं जुनंपानं मिळेल, पण तेही असंच फुटणार. चांगलं काम करायचं तर रिम, डिस्क, टायर, सगळंच बदलावं लागेल. दोन्ही बाजूंचं."

मी यांच्या तोंडाकडे पाहिलं. चोरून. मला वाटलं, आता उसळणार. हीच चाकं सासऱ्यांनी दर दसऱ्याला गेरूनं रंगवलेली. ह्याच चाकांचा बोल्ट बदलायचा म्हटलं तरी मल्लूशी यांचं वाजायचं.

"काढा," हे म्हणाले.

"सगळी?"

"सगळी. ठेवून काय करायचीत?"

 बरं वाटायला हवं होतं, पण उलटच झालं. कारण पोटात एक शंका गेले काही दिवस घर करून बसली होती. खडीच्या मशीनचा मुकादम दोनदा दारात येऊन गेला होता. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून खडी वाहायला द्या, रानात काय ठेवलंय, रान द्या खंडानं, असं त्याचं चाललं होतं. हे नाही म्हणाले नव्हते. "बघू" म्हणाले होते. आता बापाच्या चाकांचीही माया सुटली म्हणजे रानाची सुटलीच. आणि रान गेलं की मल्लू परत यायचा तो कशाला? उद्या त्याला तिथं करमेना, उद्या त्याचं मन वळलं, तर त्याला पाय टेकायला जागा एवढीच होती. आमचं काळं रान.

रज्जाकभाईंनी दोन टायर आमच्यापुढे घरंगळत आणून उभी केली. नव्या रबराचा वास सुटला.

"हे बघा. ह्याचे पट्टे उंच आहेत, मधे जागाही ऐसपैस. काळ्या रानात चिखल धरत नाही, नांगराला पकड घेतं. पण डांबरावर चालवाल तर लवकर झिजणार, आणि आवाज असा की गावाला कळावं अप्पा आले. आणि हे दुसरं. पट्टे बुटके, जाड. रस्त्यावर मऊ चालतं, आवाज नाही. रानात मात्र ओल असली की फसणार."

"हे दुसरं द्या," हे म्हणाले.

तिथंच माझा तो प्रश्न आला, रान का रस्ता. त्याचं उत्तर तुम्ही ऐकलंच आहे.

"अप्पा," रज्जाकभाई म्हणाले, "ज्वारीचं वहिनी म्हणतात ते बरोबर आहे. तुमचं सगळं काम रानातलं."

"रस्त्याचं बी हाय."

"काय काम हाय रस्त्याचं, इचारा त्यांस्नी."

हे टायरच्या पट्ट्यांत बोट घालून उगाच कोरत राहिले. ज्या माणसाला काही लपवायचं असतं त्याचे हात असे चाळा करतात, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात कळत होतं. माझी खात्रीच पटली.

"रज्जाकभाई," मी म्हणाले, आणि माझा आवाज दुकानाबाहेर बसलेल्या भाजीवाल्यांनी ऐकला असेल, "सांगा त्यांस्नी. ते रान माझ्या लेकाचं हाय. त्याच्या माघारी कुणी खडी न्हाई वाहायची आन् कुणी खंडानं न्हाई द्यायचं. रस्त्याचं टायर बसलं तर मी ह्या ट्रॅक्टरवर बसायची न्हाई, चालत जाईन घरला."

रज्जाकभाईंनी हे यांना सांगितलं नाही. 

हे पट्ट्यातलं बोट काढून म्हणाले, "मालकीण म्हणतीया ते बसवा."

जिंकले होते मी. पण जिंकल्यावर कुणाकडे बघून हसावं, असं माणूस नव्हतं. मी जाऊन उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी पायरीवर बसले.

पुढची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. मागच्या मोठ्या टायरला डावं-उजवं असतं. त्यावरचे पट्टे तिरके असतात, दोन्ही बाजूंनी मधे येऊन बाणासारखे भेटतात, आणि टायर कुठल्या अंगाला बसणार त्याप्रमाणे त्या बाणाचं टोक ठेवून ते रिमवर चढवावं लागतं. बाजारचा दिवस, दुकानात ही झुंबड, रज्जाकभाई दुसऱ्या गिऱ्हाइकात. दोन कारागीर कामाला लागले होते, एक आवाराच्या त्या टोकाला एक चाक घेऊन, आणि एक ह्या टोकाला दुसरं घेऊन. त्या टोकाला हे उभे होते. ह्या टोकाला, रसाच्या गाड्याजवळ, मी होते.

माझ्या बाजूचा कारागीर टायर रिमवर टाकता टाकता म्हणाला, "मावशी, हे कुठल्या अंगाचं?"

मी ट्रॅक्टरकडे पाहिलं. तोंड माझ्याकडे करून उभा होता. हे चाक ज्या बाजूचं काढलं होतं ती माझ्या डाव्या हाताला.

"डावं," मी म्हणाले.

तिकडे त्या कारागिरानं यांना विचारलं असणार, आणि हेही म्हणाले असणार, डावं. दोघांचंही बरोबर होतं. यांनी ट्रॅक्टर जन्मभर सीटवर बसून पाहिलेला, पाठीमागून. मी जन्मभर तो समोरून येताना पाहिलेला, दारात उभी राहून. यांचं डावं ते माझं उजवं. एरवी कुठल्याही नवरा-बायकोनं अशा वेळी एकमेकांना हाक मारून विचारलं असतं, अहो, कुठलं हो? आमच्यात ती सोय नव्हती. दोन्ही टायर डावीच चढली, आणि त्यातलं एक उजवीकडे बसलं.

परत येताना मी यांच्याकडे पाठ करूनच बसले. नव्या टायरांचा आवाज असा काही घुमत होता की बोलायचं असतं तरी ऐकू आलं नसतं. दुकानाच्या आवारातून बाहेर पडताना यांनी एकदा ब्रेक दाबला होता. मागे वळून चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग गिअर टाकला. मला वाटलं, चाकं नवी म्हणून पाहिलं असेल.

त्यानंतर पेरणी झाली. नव्या चाकांनी काम झकास केलं. मुकादम दारात आला नाही, रान आमच्याकडेच राहिलं, तरी माझ्या मनातली पाल काही चुकचुकायची थांबेना. कारण हे पूर्वीसारखेच रोज दुपार कलली की ट्रॅक्टर काढायचे. "रानात जाऊन येतो गं," म्हशीला सांगायचे. पेरणी झालेल्या रानात रोज ट्रॅक्टरचं काय काम? पण विचारायचं कसं? म्हैस काही सांगणारी नव्हती.

थंडी पडली. यांचा खोकला वाढला. एका दुपारी हे गेले आणि घोंगडी खुंटीलाच राहिली. मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसले. मग ठरवलं, रानात जायचं, घोंगडी ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर टाकायची आणि एक अक्षर न बोलता परत यायचं. अबोल्यात एवढं बसतं.

गावाबाहेर हिवराचं झाड आहे, तिथं वाट फुटते. एक आमच्या रानाला जाते, एक फाट्याला. झाडापर्यंत आले आणि सवयीनं खाली बघितलं.

सासऱ्यांनी मला ट्रॅक्टरचा ठसा वाचायला शिकवलं होतं. नव्या टायरचा ठसा बाणासारखा दिसतो, पण तो बाण ट्रॅक्टर जिकडे गेला तिकडे दाखवत नाही. त्याचं टोक असतं ते जिथून निघाला तिकडे. सासरे हसून म्हणायचे, "महानंदा, ह्यो ठसा नव्या सुनेगत हाय बघ. चालतोय सासरला आन् टोक म्हायेराकडं."

गेली कित्येक वर्षं टायर टकली होती, त्यामुळे वाचायला काही नव्हतंच. आता उंच पट्ट्यांचे ताजे ठसे धुळीत छापल्यासारखे उमटले होते. रानाच्या वाटेवर एकही नवा ठसा नव्हता. वाऱ्यानं बुजत आलेले पेरणीच्या वेळचे तेवढे होते. फाट्याच्या वाटेवर मात्र ठशांवर ठसे, रोजच्या येण्याजाण्याचे.

माझं डोकं फिरलं. म्हणजे खडीच! मला फसवून, म्हशीला खोटं सांगून हे रोज मुकादमाकडे जातायत. पाय भराभर उचलायला लागले. दोन दिवाळ्यांचा अबोला आज मोडायचा आणि असा मोडायचा की फाट्यावरच्या माणसांनी ऐकावं, असं ठरवूनच निघाले. तोंडात एकेक शब्द जुळवत होते.

चालता चालता आजचे, सगळ्यांत वरचे ठसे बघत होते, आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. डावीकडच्या ओळीचे बाण घराकडे टोक करून होते. म्हणजे ट्रॅक्टर घराकडून निघाला, फाट्याकडे गेला. पण उजवीकडच्या ओळीचे बाण फाट्याकडे टोक करून होते. म्हणजे फाट्याकडून आला. एकाच ट्रॅक्टरची दोन चाकं. एक म्हणत होतं गेला, आणि दुसरं म्हणत होतं आला.

मी वाटेत उभी राहिले. रसाचा गाडा आठवला, तो कारागीर आठवला, आणि माझं 'डावं' आठवलं. एक चाक उलटं बसलं होतं. माझं.

फाट्यावर गजाप्पाचं हॉटेल आहे. हॉटेल कसलं, पत्र्याखाली एक चूल आणि दोन बाकडी. त्याच्या पलीकडे, एसटी थांबते तिथं, रस्त्याच्या कडेला आमचा लाल ट्रॅक्टर उभा होता. तोंड गावाकडे वळवलेलं, आल्या पावली निघता येईल असं. ट्रॉली नव्हती. खडी नव्हती. यांनी सीटवर पोतं नीट घडी करून अंथरलं होतं, आणि बाजूच्या मडगार्डवर, जिथं मी बसते, तिथं दुसरं. हे मागच्या चाकाला टेकून उभे होते.

"या या, वहिनी," गजाप्पा कपबशा विसळता विसळता म्हणाला. "आज तुम्ही बी आला व्हय? बरं झालं. अप्पा येकलेच असत्यात रोज."

"रोज?"

"तर वो! पुण्याकडनं येणारी गाडी चुकवली न्हाई कवा. दोन वरसं झाली की. म्या म्हणतो, अप्पा, पोरगं यायचंच असंल तर यील घरला, चालत काय लांब हाय? तर म्हणत्यात, सामान असंल त्याच्याजवळ, चालत कसा नील."

 घोंगडी हातातच होती.

तेवढ्यात गाडी आली. धूळ उडवत थांबली, दार उघडलं. हे ट्रॅक्टरच्या पायरीवर चढले, टाचा उंच केल्या आणि उतरणाऱ्यांच्या डोक्यांवरून बघायला लागले. एक बाई उतरली, तिच्या कडेवर पोर. दोन शाळेच्या मुली. एक म्हातारा, डोक्याला मफलर गुंडाळलेला. कंडक्टरनं दार ओढलं, यांच्याकडे बघून ओळखीचा हात हलवला आणि घंटी मारली. हे तसेच टाचांवर उभे होते, गाडी वळणाआड जाईपर्यंत. मग पायरीवरून उतरले आणि मडगार्डवरचं पोतं उचलून झटकायला लागले. उद्यासाठी.

दोन वर्षं मी या माणसाच्या पाठीकडे बघून म्हणत होते, याला काही वाटत नाही.

मी जवळ गेले. जुळवून आणलेले सगळे शब्द वाटेतच सांडले होते. यांनी मान वर केली आणि मला बघून चोरी सापडल्यासारखे उभे राहिले. बोलायला तर हवं होतं, पण काय बोलायचं? मल्लूचं नाव घेतलं असतं तर तिथंच हंबरडा फुटला असता. समोर ते चाक होतं.

"चाक उलटं बसलंय," मी म्हणाले.

हे कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी खरंच बोलले, का यांना भास झाला, ते ठरवत असावेत.

"ठावं हाय," शेवटी म्हणाले. 

"कवापासनं?"

"दुकानातनं भाईर पडतानाच दिसलं."

"मग सांगितलं न्हाई ते?"

यांनी पोत्याची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली.

"कुणाला सांगू?"

मी घोंगडी यांच्या खांद्यावर टाकली. खांदा हाडकुळा झाला होता. दोन वर्षं ज्याला वाढलं त्याचा खांदा कधी इतका उतरला, ते मी पाहिलं नव्हतं.

"आन् रस्त्याचं टायर कशापायी मागत हुतासा?"

"ह्या टायरचा आवाज लई," हे म्हणाले. "डांबरावरनं आलो की घरापत्तुर ऐकू जातो, म्हणून आता डांबर सोडून कडंच्या धुळीतनं येतो. न्हाईतर तुला कळलं असतं."

"कळलं असतं तर काय झालं असतं?"

"तू बी आली असतीस," हे म्हणाले. "येकानंच बघितलेलं बरं, कुणी उतरत न्हाई ते."

गजाप्पानं न मागता दोन चहा आणून ठेवले आणि पाठ फिरवून चुलीत लाकडं सारत बसला. आम्ही चहा प्यायलो. मग मी मडगार्डवर बसले, ह्या खेपेला यांच्याकडे तोंड करून. मागे धुळीत ठसे उमटत होते. एका ओळीचे जात असल्याचे, एका ओळीचे येत असल्याचे.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज फाट्यावर जाऊ लागले. म्हशीचं महत्त्व कमी झालं. मल्लू आला, पण एसटीनं आला नाही. पुढं दोन दिवाळ्यांनी कुणाच्या तरी जीपमधून दारातच उतरला, बायकोला घेऊन. चार दिवस राहिला, रान बघून आला, ट्रॅक्टरची नवी चाकं बघून बापाकडे बघत हसला, आणि परत गेला. भिवंडीत त्याचं बरं चाललं होतं. रान त्याला नको होतं. तो गेला त्या संध्याकाळी हे म्हणाले, "जाऊ या का फाट्यावर?" आणि आम्ही गेलो. सवय लागली होती, आणि गजाप्पाचा चहा बरा असायचा.

चाक कधी सुलट करून घेतलं नाही. पंक्चर काढायला नेलं की दुकानदार म्हणायचा, "अप्पा, हे उलटं आहे, फिरवून देऊ का?" हे म्हणायचे, "उलटं न्हाई त्ये. आमच्या मालकिणीचं डावं हाय." आणि माझ्याकडे बघून मिश्कील हसायचे. तेवढं हसणं बघायला मी पंक्चरच्या दुकानात सोबत जायची.

आता हे नाहीत. रान वाट्यानं दिलंय, म्हैस तर कधीच गेली. ट्रॅक्टर गोठ्याच्या जागी उभा आहे. तो विकत घ्यायला माणसं येतात, शहरात जुने ट्रॅक्टर रंगवून हॉटेलांपुढे मांडतात म्हणे. मी नाही म्हणते.

परवा सकाळी अंगण झाडत होते. झाडता झाडता बघितलं, तर माझं डावं चाक बसलं होतं. रात्रीतून हवा उतरून रबर जमिनीला टेकलेलं. हातातला खराटा टाकला आणि घराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "अहो, चाक बसलंय बघा आपलं."

कुंपणापलीकडे शेजारची सून कपडे वाळत घालत होती. ती थांबली.

"कुणाला सांगताय, काकू?"

मी तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे. दार उघडंच होतं.

खराटा उचलला आणि राहिलेलं अंगण झाडून घेतलं.